चांगुणाचा नवरा

केरबा चौकातला पाण्याचा व्हॉल्व सोडून पाठ सरळ करत होता, तेवढ्यात लातूरचा संगप्पा समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ह्या साली वहिनींनी पट्ट्या पाठवल्या न्हाईत." केरबाला आधी वाटलं, हा माणूस दुसऱ्या कुणाशी बोलतोय. त्याने मागे वळून पाहिलं. मागे फक्त नळाला लावलेल्या घागरींची रांग होती. संगप्पा गोलाई इलेव्हनचा सेक्रेटरी. लातूरच्या गंजगोलाईत हमालांचा मुकादम. फुटबॉलच्या मॅचला वर्षातून एकदा भेटणारा, एरवी नाही. "कसल्या पट्ट्या?" केरबाने विचारलं. "काळ्या. दंडाला बांधायच्या. अकरा आन एक जास्तीची. दरसाली होळीच्या आत यष्टीच्या पार्सलनं यायच्या. मॅच आठ दिवसांवर आली. मी तुरीच्या कामानं नांदेडच्या मोंढ्यात आलोच होतो, म्हणलं घेऊनच जावं." केरबाने व्हॉल्वची लांब लोखंडी चावी भिंतीला टेकवली. "ती गेली," तो म्हणाला. "भादव्यात. कावीळ झाली." संगप्पाने डोक्यावरची टोपी काढली आणि तिथेच गटाराच्या कठड्यावर बसला. टोपी त्याने गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "आमाला कुणी कळवलं न्हाई." त्या 'आमाला'वर केरबाचं डोकं अडकलं. सासर नांदेडचं, माहेर लातूरचं, पण माहेरची माणसं मागेच संपली होती. मग हे 'आमाला' कोण? आपली बायको मेल्याचं गोलाईच्या हमालांना कळवायला हवं होतं, असं हा माणूस सरळ तोंडाने म्हणतो आहे. संगप्पाने पिशवीतून एक जुनी पट्टी काढून त्याच्या हातात ठेवली, "गेल्या सालची हाय. ठिवा." आणि तो गेला.

नांदेडच्या गोदावरी क्लबच्या पट्ट्या चांगुणा शिवायची, हे केरबाला ठाऊक होतं. तोच कापड आणायचा, तोच मोजून न्यायचा. तो क्लबचा जुना माणूस, मैदानावर चुन्याच्या रेषा मारायचा. नऊ वर्षं दर मार्चला ती मशीनवर बसायची आणि बारा पट्ट्या करून द्यायची. पण बारा नव्हत्या, चोवीस होत्या. बारा त्याच्या डोळ्यांसमोर आणि बारा तो कामावर असताना. घरी आल्यावर त्याने खिळ्यावरच्या पिशवीतून गोदावरी क्लबची जुनी पट्टी काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. कापड एकच. पण लातूरच्या पट्टीला दोन्ही कडांना दुहेरी टीप होती. नांदेडच्या पट्टीला एकेरी, आणि तिचे धागे सुटले होते. केरबा खाटेवर बसून राहिला. बाईमाणूस शिवायला बसलं की हात आपोआप चालतो, असं तिचंच म्हणणं. हात आपोआप चालला असता तर दोन्हीकडे सारखाच चालला असता. दुसरी टीप घालायची तर पट्टी उलटवून पुन्हा सुईखाली धरावी लागते. बारा वेळा उलटवून धरली. बारा वेळा मनात काहीतरी आलं असणार.

कुणासाठी, हे त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती. बसवंतसाठी. लातूरचा गोलकीपर बसवंत, ज्याचं नाव केरबाच दरवर्षी मोठ्याने घ्यायचा. बाहेरचा माणूस हे ऐकून गोंधळतो, पण ह्या दोन गावांत त्याचं कुणाला काही वाटत नाही. त्र्याहत्तर साली, दुष्काळात, लातूरबाहेरच्या कोरड्या तळ्यात मॅच होती. तळ्याच्या काठाला दुष्काळी कामावर विहीर खणणं चालू होतं. पस्तीस हात खाली गेले तरी पाण्याचा पत्ता नव्हता. विहिरीतून काढलेली माती आणि मुरूम कडेलाच ढीग करून टाकलेला. नांदेडची माणसं एका ट्रकमधून आली होती. बसायला उंच जागा म्हणून त्यातले पाचजण त्या ढिगावर चढले. एकतिसाव्या मिनिटाला नांदेडने गोल केला, पाचीजण नाचले आणि काठ ढासळला. व्यंकटी, रामकिशन, भीमा, अण्णाराव आणि केरबा. गोल खाल्लेला बसवंत जाळ्यातून चेंडू काढत होता. तो सोडून तो पळत आला, खणणाऱ्यांचा दोर कंबरेला बांधून खाली उतरला. एक माणूस वर पाठवला. मग वरचा सगळा ढीग आत आला. जो वर आला तो केरबा. धुरळा बसल्यावर कुणी आत आहे आणि कुणी बाहेर, कुणालाच कळेना. लातूरच्या लोकांना नांदेडची तोंडं ठाऊक नाहीत, नांदेडच्या लोकांना लातूरची. तेव्हा कामावरच्या मस्टर कारकुनाने ट्रकवाल्याकडून नांदेडची नावं घेतली आणि लातूरच्या माणसांनी ती एकेक करून पुकारली. नांदेडच्या लोकांनी लातूरची पुकारली. जो होता तो मस्टरवर म्हणतात तसं "हाजिर" म्हणाला. मातीत पडलेला केरबाही म्हणाला होता. तेव्हापासून रीत पडली. एक साल नांदेडला, एक साल लातूरला मॅच. एकतिसाव्या मिनिटाला पंच शिट्टी मारतो, दोन्ही गोलकीपर आपापले गोल रिकामे टाकून मधल्या रेषेवर येतात. लातूरवाले नांदेडच्या चौघांची नावं पुकारतात, नांदेडचा एक माणूस बसवंतचं. नाव त्यांनी घ्यायचं, हाजिर आपण म्हणायचं. आधी आणि नंतर एकमेकांच्या आयाबहिणी काढायला मोकळीक आहे. त्या मिनिटात कुणी खोकत नाही.

बसवंतचं नाव पुकारायचा मान केरबाचा, कारण बसवंतने वर पाठवलेला तो एकटा. लोकांना वाटायचं, ह्याच्या पोटात किती कृतज्ञता असेल. केरबाच्या पोटात दुसरंच होतं. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, चांगुणालाही नाही. लोक विचारायचे, पाचातून तूच कसा रे आधी? तो म्हणायचा, दोराला मीच जवळ होतो. ते खोटं होतं. दोराला जवळ व्यंकटी होता. व्यंकटीचा हात दोरावर होता. विहिरीच्या बुडाशी अंधार आणि माती, केरबाचा पाय एका दगडाखाली, आणि बसवंतने दोघांच्या तोंडावरून हात फिरवला, आंधळा फिरवतो तसा. केरबाच्या तोंडावर तो हात थांबला. "चांगुणाचा ना तू?" बसवंत म्हणाला. मग वर तोंड करून ओरडला, "चांगुणाचा नवरा हाय, ह्याला आधी घ्या." आणि व्यंकटीच्या हातातून दोर काढून त्याने तो केरबाच्या काखेत बांधला. वर जाताना केरबाने खाली पाहिलं नाही. व्यंकटी काही म्हणाला का, हे त्याला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आपल्याला आपल्या नावाने ओळखलं नाही.

लग्नात पाहिलं होतं त्याने बसवंतला. बासष्ट साल. चांगुणाचा बाप गोलाईत हमाल, बसवंतचा बापही तिथेच. बुद्धवंदना होऊन लग्न लागलं आणि वस्तीत पंगत बसली. तेव्हा एक लिंगायताचं पोरगं, अठरा-एकोणीस वर्षांचं, गल्लीच्या दुसऱ्या टोकाहून आलं, कळशी उचलली आणि पंगतीत पाणी वाढत फिरलं. तेव्हा तसं कुणी करत नव्हतं. म्हातारी माणसं एकमेकांकडे पाहत राहिली. चांगुणाच्या बापाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. नवऱ्या मुलाच्या पेल्यात पाणी घालताना त्या पोराने मान वर केली आणि केरबाकडे नीट पाहून घेतलं. केरबाला तेव्हा अभिमान वाटला होता, की पहा, आपल्या लग्नात असा एक माणूस आला. विहिरीतून वर आल्यावर तेच पाहणं उलटं झालं. कशासाठी पाहत होता? पुढे अकरा वर्षं कशासाठी लक्षात ठेवलं? चांगुणाला विचारायला सोपं होतं. एकदा, मॅचहून आल्यावर, भाकरी मोडताना, त्याने विचारलंही होतं, "तो बसवंत तुमच्या गल्लीतलाच न?" ती म्हणाली, "हाव. लई चांगलं पोरगं होतं." आणि तव्यावरची भाकरी उलटली. 'होतं' म्हणताना तिचा आवाज खाली गेला, असं केरबाला वाटलं. मेलेल्या माणसाबद्दल बोलताना कुणाचाही जातो. पण त्यानंतर त्याने पुन्हा विचारलं नाही आणि दहा वर्षं ते वाक्य जपून ठेवलं. जिवंत माणसावर जळणं बरं असतं. तो म्हातारा होतो, टकला होतो, दारू पितो, कधीतरी चार लोकांत पडतो. बसवंत एकतिसाव्या वर्षीच थांबला होता. दरवर्षी त्याच्यावर हार चढायचा, दोन गावं उभी राहायची. केरबाच्या मिशा पांढऱ्या झाल्या, कंबर व्हॉल्ववर वाकून वाकून धरली, रात्री घोरतो म्हणून चांगुणा त्याला कुशीवर वळवायची. तिच्या मनात दोघं शेजारी शेजारी उभे राहत असतील तर कोण कसा दिसत असेल, हे त्याला आरशाशिवाय कळत होतं.

आणि आता तीही तिकडे गेली. हा विचार त्याला आठ दिवसांत किती वेळा आला, त्याला गिनती नव्हती. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नाही. मेल्यावर कुणी कुठे जात नाही, कुणी कुणाला भेटत नाही, हे त्याला घरातूनच शिकवलेलं. पण पहाटे पाणी सोडायला निघताना, कुलूप लावताना, एकदम डोळ्यांसमोर यायचं की चांगुणा कुठेतरी मशीनवर बसलीय आणि तिच्या समोर तो उभा आहे, न वाढलेल्या वयाचा, आणि ती पट्टी उलटवून दुसरी टीप घालते आहे. मग दिवसभर कामात चुका व्हायच्या. वजिराबादचं पाणी त्याने एक दिवस अर्धा तास जास्त सोडलं, दुसऱ्या गल्लीच्या बायका भांडायला आल्या. ह्याही साली पाऊस कमीच झाला होता. "केरबा, तुझी बायको गेली म्हणून आमच्या घागरी उपाशी ठिवतो का रे?" एक म्हातारी म्हणाली आणि मग स्वतःच जीभ चावली. त्याने चांगुणाची पेटी उपसली. पार्सलच्या पावत्या, चिठ्ठी, काहीतरी मिळेल. दोन लुगडी, दवाखान्याचे कागद, हिमायतनगरला दिलेल्या मुलीचं बारसं झालं तेव्हाचं झबलं. काही नाही. काही नाही म्हणजे लपवलं, असं त्याने धरलं. शनिवारी त्याने ठरवलं, ह्या साली बसवंतचं नाव आपण घ्यायचं नाही. कुणाला आधी सांगायचंही नाही. ते मिनिट येईल आणि आपलं तोंड बंद राहील. बस्स.

लातूरला जायला रविवारी सकाळी यष्टी केली होती. लोहा, अहमदपूर, चाकूर. रस्ताभर पोरं घोषणा देत होती. चांगुणाशिवाय केलेला हा पहिला प्रवास. एरवी लातूरची पाळी असली की तीही यायची, पण मैदानावर नाही. स्टँडवर उतरली की, "तुमी जावा, मी आमच्या गल्लीत जाऊन येते," म्हणायची आणि संध्याकाळी स्टँडवरच भेटायची. आईबाप गेल्यावरही जायची. कुणाकडे जातेस, हे त्याने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, हे त्याला आता खिडकीला डोकं टेकवून कळत होतं, आणि म्हणूनच विचारलं नव्हतं, हेही.

लातूर नवीन जिल्हा झाल्याला सात-आठ महिने झाले होते. माणसं अजून त्या आनंदात होती. तळ्यातल्या त्याच मैदानाच्या तोंडाशी लातूरच्या एका जाड्या हमालाने नांदेडवाल्यांना अडवलं. "या, या. आता सलाम करून आत यायचं. आमी बी जिल्हा हाव." नांदेडचा एकजण म्हणाला, "जिल्हा झालाव तर पाणी द्या प्यायला." "पाणी मागायला नांदेडची माणसं लातुरात आली, हे लिहून ठिवा रे." "तुमच्याकडं हाय का? की कलेक्टरसाठी बी टँकरच?" सगळे हसले. जाडा हमालही हसला आणि त्याने स्वतःच्या घागरीतून पेला भरून दिला. केरबा हसला नाही. त्याला तो दगड दिसला होता. दहा वर्षं पुरी झाली म्हणून विहिरीच्या जागेवर काळा दगड बसवला होता. विहीर केव्हाच बुजवलेली. दगडावर पाच नावं. चार नांदेडची आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, बसवंत. मोठं असायलाच हवं, तो खाली उतरला होता, बाकीचे पडले होते. हा हिशेब केरबाला मान्य होता. तरी त्याने मनाशी पाहून घेतलं, की चांगुणाचं नाव कुठेच नाही. नांदेडला तिच्या नावाचं काय होतं? रेशन कार्डावर होतं, तेही तहसीलच्या कारकुनाने खोडलं. तिच्यासाठी कुणी एक मिनिट उभं राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी सोडायची वेळ झाली तसा तो कामावर गेला होता. ज्याचा दगड होतो, त्याच्यासाठी तिने पट्ट्या शिवायच्या, आणि तिच्यासाठी काही नाही.

मॅच सुरू झाली. खेळ कसा चालला हे त्याला कळलं नाही. लातूरच्या पोरांच्या दंडांवर गेल्या सालच्याच पट्ट्या होत्या, धुऊन फिकट झालेल्या. नांदेडने बाजारातून फीत आणली होती. एकतिसावं मिनिट आलं, शिट्टी वाजली. दोन्ही गोलकीपर मधल्या रेषेकडे चालू लागले. संगप्पा कागद घेऊन पुढे आला. मैदान गप्प झालं. "व्यंकटी," संगप्पाने पुकारलं. नांदेडची बाजू म्हणाली, "हाजिर." "रामकिशन." हाजिर. "भीमा." हाजिर. "अण्णाराव." हाजिर. केरबाने दात आवळून धरले होते, आता आपली पाळी. पण संगप्पाने कागद खाली घेतला नाही. त्याने घसा साफ केला आणि तितक्याच मोठ्याने पुकारलं, "चांगुणा."

नांदेडची बाजू गप्प. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. ही कोण? जुन्या चार माणसांना कळलं आणि ती केरबाकडे पाहू लागली. रीत त्यांना ठाऊक होती. नाव त्यांनी घेतलं, हाजिर आपण म्हणायचं. केरबाला आधी काहीच झालं नाही. मग पायापासून वर राग चढत आला. हिला कोण सामील करून घेतं? हिला विचारलं का? मला विचारलं का? विहिरीच्या माणसांत, बसवंतच्या ओळीत, माझ्या बायकोचं नाव. म्हणायचं तर तिला त्यांच्या हवाली केल्यासारखं होणार होतं. न म्हणावं तर ती गैरहजर लागणार. तो उभा राहिला तसाच राहिला. आणि लातूरच्या बाजूने, जिथे आठ-दहा बायका पदर घेऊन उभ्या होत्या, तिथून एका बाईचा आवाज आला, "हाजिर." बारीक नाही, चांगला खणखणीत.

कोण ही, एवढंच केरबाच्या डोक्यात उरलं. माझ्या बायकोची हजेरी देणारी कोण? तो बायकांच्या घोळक्याकडे पाहत राहिला, आणि मिनिट संपलं. शिट्टी वाजली. बसवंतचं नाव राहून गेलं. त्याने घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण ठरवून गाळल्यासारखं ते झालंच नाही, पिशवीला भोक पडून जिन्नस सांडावा तसं झालं. लातूरच्या बाजूने कालवा उठला. "आमच्या बसवंताचं नाव कुठं हाय?" "नांदेडवाल्यांनी गिळलं." दोन-तीन दगडही आले. संगप्पा दोन्ही हात वर करून आपल्या माणसांना सांगत होता, "गप बसा. बायकोचं नाव ऐकून माणूस हलला. चूक माझी हाय, मी आधी सांगायला पायजे होतं." लोक गप्प झाले. दगड मारणाऱ्यांतला एकजण येऊन केरबाच्या खांद्यावर हात ठेवून गेला. त्या हाताखाली केरबाला लाज वाटली, कारण तो हलला होता तो दुःखाने नाही.

मॅच कुणी जिंकली ते त्याने विचारलं नाही. दिवस कलला होता. संगप्पाने त्याला गोलाईमागच्या एका गल्लीत नेलं, एका घरासमोर सोडलं आणि म्हणाला, "शिवकन्याबाईनं बोलावलंय. बसवंतची घरवाली." ओट्यावर ती बसली होती. चाळिशीच्या अलीकडची, हाडापेराने मजबूत, समोर सुपात तूर. तिने त्याला बस म्हटलं नाही. "दहा साल नाव घेतलं माझ्या नवऱ्याचं," ती मैदानावरच्या त्याच खणखणीत आवाजात म्हणाली. "आज का गाळलं?"

"माझ्या बायकोला तुमी हाजिर का म्हणलाव?" केरबा म्हणाला.

शिवकन्या सूप पाखडत राहिली. "तुमी म्हणला न्हाईत म्हणून. कुणीतरी म्हणाया नको?" मग म्हणाली, "बसा. ती बी तिथंच बसायची. पहिल्या खेपेला ओट्यावर. चौथ्या खेपेला मी आत घेतली." तिने तुरीतला खडा वेचून गल्लीत टाकला. "पहिल्यांदा आली तवा तिच्या पार्सलातल्या पट्ट्या मी तिच्या तोंडावर फेकल्या. एकेरी टीप होती. म्हणलं, माझा माणूस मेला आन तू मला उसवणाऱ्या चिंध्या धाडतीस व्हय गं. पुढल्या सालापासनं पार्सलात दुहेरी टीप घातलेल्या यायला लागल्या. मी शिव्या द्यायची. तुझा नवरा माघारी आला, माझा न्हाई, तू काय तोंड घेऊन येतीस. समदं ऐकून घ्यायची. खाली मान घालून तूर निवडू लागायची माझ्यासंगं. जळायची मी तिच्यावर, लई जळायची. संध्याकाळी ती उठली की वाटायचं, ही आता यष्टीत नवऱ्याशेजारी बसून जाणार."

केरबा ओट्याच्या कडेला बसला होता. तुरीच्या डाळीचा वास येत होता. एक साल आड, त्या दुपारी ती इथे शिव्या खात होती, त्याच्या जिवंत असण्याबद्दल, आणि तो तिकडे मैदानावर. संध्याकाळी स्टँडवर भेटली की तिचे डोळे लाल असायचे. त्याने त्याचा अर्थ लावला होता. तरी त्याला जे हवं होतं ते अजून मिळालं नव्हतं. "माझ्याबद्दल काय म्हणायची?" त्याने विचारलं. विचारताना त्याला स्वतःचा आवाज भीक मागणाऱ्यासारखा वाटला.

"काहीच न्हाई," शिवकन्या म्हणाली. "मी म्हणूच दिलं न्हाई. माझ्या घरात तुझ्या नवऱ्याचं नाव काढायचं न्हाई, ही माझी अट होती. एकदा चुकून 'त्यास्नी दमा लागतोय' म्हणली तर मी उठवून लावली."

म्हणजे एवढंच. दहा वर्षांत एक वाक्य, दम्याचं. केरबाला हसू आलं. इतकी वर्षं तो ज्या दुपारींवर जळत होता त्या दुपारी ह्या बाईच्या होत्या. चांगुणाची मान खाली घातलेली, चांगुणाचे हात तुरीत, हे ह्या बाईने पाहिलं होतं, त्याने नाही. आता तो तिच्यावर जळत होता. हे त्याला स्पष्ट कळलं आणि कळूनही थांबलं नाही.

शिवकन्येने सूप बाजूला ठेवलं. "आता माझं ऐका. मी तिला एकच विचारायची. शेवटी माझा माणूस काय बोलला? तुझा नवरा त्याच्याजवळ होता. ती म्हणायची, मला ठाऊक न्हाई, ते त्यातलं काहीच बोलत न्हाईत. मला वाटायचं, लपवती. आज बघितलं तुमाला मैदानात, तवा वाटलं, न्हाई, खरंच ठाऊक नसंल. हा माणूस गिळणारा हाय. तर आता सांगा. दहा साल झाले."

खोटं सांगणं सोपं होतं. तुमचंच नाव घेतलं, म्हणायचं. ती खूश होईल, रडेल, आणि ते वाक्य त्याच्याकडेच राहील, जसं आजवर राहिलं. केरबाने तोंड उघडलं आणि तिने हात वर केला. "शोभून दिसंल असं काही नको. माझा माणूस शोभून दिसणारं बोलत नव्हता."

"व्यंकटीचा हात दोरावर होता," केरबा म्हणाला. हे त्याने आधी का सांगितलं, त्याला कळलं नाही. "त्याच्या हातातून दोर काढला. माझ्या तोंडावर हात फिरवून वळखलं. चांगुणाचा ना तू, म्हणले. मग वर वरडले. चांगुणाचा नवरा हाय, ह्याला आधी घ्या."

समोरच्या घरात कुणीतरी पितळी भांडं घासत होतं, ते थांबलं. केरबाला वाटलं, आता ही उठवून लावणार. तिच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं आणि ते त्याने लगेच ओळखलं, कारण ते त्याचंच होतं. तेच जळणं, विहिरीतून वर आल्यापासूनचं. विहिरीच्या बुडाशी, मरताना, नवऱ्याच्या तोंडात दुसऱ्या बाईचं नाव. ती आता तेच उलटसुलट करून पाहणार, आयुष्यभर. आपण ते तिला दिलं, आणि देऊन आपल्याकडचं काही कमी झालं नाही.

"हेच बोलले?"

"हाव."

"आणिक काही?"

"न्हाई."

तिने बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाली, "हळू बोलले का वरडून?"

"वरडून. वर ऐकू जायला पायजे म्हणून. घसा बसला होता त्यांचा."

"गोलमधून वरडून वरडून बसायचा. रात्री मीठपाणी द्यायची मी." ती भिंतीला टेकली आणि डोळे मिटून घेतले. "मग तसं सांगा. त्यांच्यासारखं वरडून."

"गल्लीत लोक हायेत, बाई."

"असू द्या."

केरबा उभा राहिला. बसून ओरडता येणार नव्हतं. त्याने वर पाहिलं, कारण बसवंतनेही वर पाहिलं होतं. वर आता फक्त पत्र्याची कड आणि संध्याकाळ होती. पहिल्यांदा आवाज फाटला, अर्धाच निघाला. "न्हाई," शिवकन्या डोळे मिटूनच म्हणाली. "त्यांचा जाड होता." दुसऱ्यांदा त्याने पोटातून आवाज काढला, "चांगुणाचा नवरा हाय, ह्याला आधी घ्या." ते गल्लीभर गेलं. दारं उघडली. ज्या गल्लीत ती जन्मली, खेळली, जिथून लग्न करून नांदेडला गेली, तिथे तिचं नाव एका माणसाच्या बसलेल्या घशातून येत होतं आणि आवाज कुणाचा, हे केरबाला नीट सांगता आलं नसतं. शेजारची एक म्हातारी उंबऱ्यात आली, "कोण हाय गं हा?" म्हणाली. शिवकन्येने तिला हातानेच गप्प केलं. तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ओठ घट्ट आवळलेले होते. अंगावर तापलेला तवा पडला तरी बाई कशी गप्प राहते, तसे.

"आणिक एकदा," ती म्हणाली.

केरबाने छाती भरून घेतली.